अमेरिकेतून आलेली यादी

अमेरिकेतल्या मशीनला प्रश्न विचारून उत्तर मिळवणारा जळगावातला पहिला माणूस म्हणजे निंबा! असं तो स्वतःच सांगत असे, आणि १९९९ साली त्याचं म्हणणं खोडून काढील असं गावात दुसरं कुणी नव्हतं.

त्याचे मालक रतिलालशेठ. त्यांचं धुळ्याला तेलाचं दुकान, आणि हौस म्हणून जळगावला एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक निंबा. निंबा व्यापाऱ्यांसाठी इंटरनेटवर चालणारे प्रोग्राम बनवायचा आणि भाड्याने घेतलेल्या परदेशी मशीनवर ठेवायचा. आता पाचोऱ्याकडच्या केळी संघाचं मोठं काम येऊ घातलं होतं. ते हुकलं तर खोलीला कुलूप लागेल आणि निंबाने धुळ्याला येऊन तेलाचे डबे भरायचे, असं शेठनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. निंबाला तेलाचा वाससुद्धा सोसत नसे.

संघाचे अध्यक्ष झिपरू आबा भारी चौकस. तिकडे तुमचं काय काय खरोखर चालतं ते डोळ्यांदेखत दाखवा, असा त्यांचा निरोप आला. शेठ म्हणाले, यादी टाइप करून ठेव. निंबा हसला. कागदावर काय, कोणीही काहीही टाइप करील! त्याने मशीनच्या कंट्रोल पॅनेलला परस्पर विचारणारा प्रोग्रामच लिहिला. एक बटण दाबायचं, की पॅनेल आपणहून सांगणार, माझ्याकडे हे हे ठेवलंय, हे चालू आहे, हे बंद आहे.

"शेठ, माणूस खोटं बोलेल. पॅनेल बोलणार नाही," तो ऐटीत म्हणाला. घाईत त्याने यादी पाच ओळींची येते एवढंच बघितलं होतं.

ठरल्या दिवशी आबा आले, पडद्यासमोर बसले. फोन लागला, मोडेम किंचाळला. अक्षरं इंग्रजी, म्हणून वाचून दाखवायचा मान शेठनी स्वतःकडे घेतला. लाइन इतकी रडतखडत चालली होती, की मिनिटाला जेमतेम एक ओळ येत होती.

"कचरू," शेठ खणखणीत आवाजात म्हणाले, "चालू."

निंबा खुर्चीतून अर्धवट उठला. प्रत्येक प्रोग्रामला लोकांसाठी एक देखणं नाव असायचं आणि पॅनेलमध्ये दुसरं, फक्त निंबाने बघायचं. त्याचे पहिले दोन प्रोग्राम आठ दिवसांत बंद पडले होते. कारण काही केल्या सापडेना. तेव्हा त्याची आई शेवंताबाई म्हणाली होती, "इतलं गोड नाव ठेवं, मंग नजर लागी नही तं काय व्हई?" पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव वाईटसाईट ठेवतात, तसंच निंबाने पॅनेलमध्ये करून टाकलं. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर तसल्या नावाचा एकही प्रोग्राम बंद पडला नव्हता!

आता पॅनेल नेमकी तीच नावं सांगत होतं. लाइन खराब आहे, पुन्हा कधीतरी बघू, असं निंबा पुटपुटला. शेठनी हात वर करून त्याला गप्प केलं. पॅनेलला बोलू दे!

"उकिरडा. चालू." आवाज जरा उतरला. हा प्रोग्राम एका सराफाचा होता.

"धोंड्या. चालू."

"राजरत्न. बंद." हा खुद्द शेठच्या दुकानाचा. सगळीकडे हेच नाव त्यांनी हट्टाने ठेवायला लावलं होतं.

शेवटची ओळ उमटली. शेठनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि कुणी गेल्याची बातमी सांगावी तसे म्हणाले, "सडकी केळी. चालू."

आबांनी विचारलं, "हाई कोनं शे?"

निंबाला तेलाचा वास यायला लागला होता. तो म्हणाला, "आबा, तुमचंच आहे. नमुना म्हणून केलं होतं. सगळ्यांत जास्त जीव यातच ओतला, म्हणून नावही सगळ्यांत वाईट ठेवलं. नजर लागू नये म्हणून."

आबा खुर्ची वळवून त्याच्याकडे बघत म्हणाले,

"मन्हं नाव झिपरू काबर शे, माहीत शे का तुले? मन्हा आगोदर तीन गयात. मंग मायनी हाई नाव ठेवं. आते अठ्ठ्याहत्तरावं चालू शे." ते हसायला लागले, इतके की टोपी मांडीवर पडली. त्यांनी तिथल्या तिथे काम निंबाला दिलं. नाव मात्र बदलायचं नाही, अशी अट घातली. निंबाला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण त्याने पाया पडून भागवलं.

आबांना गाडीत बसवून शेठ परत आले. दार लोटून घेतलं. आपण असल्या गोष्टी मानत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग हळूच म्हणाले, "माझं ते राजरत्न बदलून उकिरडा कर."

"ते नाव सराफांना दिलंय, शेठ."

शेठ हळहळले. थोडा विचार करून म्हणाले, "मग उकिरडा नंबर दोन कर. पण आजच कर."