कोनाचे पाव्हणे?

अमरावतीला अंबागेटच्या पोलीस चौकीवर महादू जमादार होते. त्यांना रस्ता विचारला, की ते हात करून दिशा दाखवत नसत. आधी विचारत, "कोनाचे पाव्हणे?" नाव कळलं, की पगडी सारखी करून स्वतःच पुढे निघत आणि माणसाला थेट दारात नेऊन सोडत. चौकीचं काय, असं कोणी म्हटलं तर म्हणत, "चौकी काय पयून जाते?"

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मी अकोल्याहून नवाकोरा वकील होऊन आलो होतो, आणि रस्ता चुकण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. देशमुख वकिलांच्या हाताखाली काम मिळतं का, ते पाहायचं होतं. अमरावतीत नुसतं 'देशमुख' सांगून भागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं आणि जमादारांना त्याची फिकीर नव्हती.

त्यांनी मला नेलं ते संत्र्याच्या बागवाल्या देशमुखांकडे. त्या घरी नेमका मुलगी पाहायला पाहुणा यायचा होता. वकील मंडळी फारच अगत्याची दिसतात, असं समजून मी पुरणपोळीवर आडवा हात मारला. "पोरीले बलावू का?" असं यजमानांनी विचारलं, तेव्हा कुठे कळलं, की मी भलत्याच देशमुखांकडे जेवतो आहे. जमादार शेजारीच जेवत होते. म्हणाले, "खाऊन घ्या सायेब. देशमुख तं हेही आहेतच ना."

दुसऱ्या दिवशी ते देशमुख वकिलांपुढे उभे राहिले आणि माझ्या उशिराबद्दल "चुकी माही आहे" म्हणाले, म्हणून माझं काम झालं. माझी वकिली अशी पोलिसाच्या साक्षीवर सुरू झाली.

पुढे काही वर्षांनी जमादार पेन्शनीत गेले. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन मी त्यांच्या घरी निघालो आणि शिरस्त्याप्रमाणे चुकलो. चौकीवरचा नवा शिपाई म्हणाला, "असतीन कुठीतरी. त्यायचं घर कोनं पाह्यलं?" गावभर लोकांना घरी पोचवणाऱ्या माणसाचं घर कोणालाच माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

विचारत विचारत पोलीस लाइनीमागची एक खोली सापडली. दार उघडून ते सवयीनं म्हणाले, "कोनाचे पाव्हणे?"

"तुमचाच," मी म्हणालो.

ते दार धरून उभेच राहिले. "रस्ता तं नाही चुकले ना, सायेब?"

"चुकलो होतो. पण निघालो होतो तुमच्याकडेच."

त्यांनी खाट झटकली, मला बसवलं. मग पाठमोरे होऊन चूल फुंकत म्हणाले, "इतक्या वर्सात अथी माह्या घरी कोनी चुकूनही नाही आलं."