उद्या एक तारीख

मथुराबाईंनी लेकीची पिशवी उंबऱ्यावरून उचलून परत आत नेऊन ठेवली, तेव्हा बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"संघे, त्याला जा म्हणावं. तू आज न्हाय चाललीस."

संघप्रियाचा एक पाय चपलेत होता आणि एक बाहेर. ती सोलापूरच्या शाळेत शिक्षिका होती. शनिवारी दुपारी लोहाऱ्याला आली होती आणि रविवारी दुपारी निघाली होती. गेली चार वर्षं तिचं माहेरपण असंच चोवीस तासांत उरकत होतं.

"का गं आई? काय झालं?"

"तुझ्या हातावर ठेवायला पैसे न्हाईत."

लेक उंबऱ्याबाहेर पडताना आईनं तिच्या तळहातावर पैसे ठेवायचे, हा मथुराबाईंच्या माहेरून आलेला रिवाज होता. किती ठेवले याला महत्त्व नव्हतं. हातातून हातात जायला पाहिजेत एवढंच. पैसे मथुराबाईंकडे होते. ग्रामीण रुग्णालयात पस्तीस वर्षं परिचर म्हणून काढल्यावर पेन्शन दर महिन्याला खात्यात येत होती. पण स्टँडजवळचं एटीएम दुसऱ्या बँकेचं. तिथून महिन्यात पाच वेळा पैसे फुकट निघत. सहाव्या वेळी तेवीस रुपये आणि त्यावर कर, मिळून सत्तावीस रुपये चौदा पैसे कापले जात.

"माझे पाची बार झाले," मथुराबाई म्हणाल्या. "आज तीस तारीख. उद्या एक तारीख. उद्या फुकट निघत्यात. उद्या जा."

"आई, सत्तावीस रुपयांसाठी मी शाळा बुडवू?"

"सत्तावीस रुपये चौदा पैसे. आन् चौदा पैसे तर चालत बी न्हाईत बाजारात. जे चालत न्हाय ते बी कापून घेत्यात."

मुलगा बाबू जेवणावरून उठून आला. तो तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवत होता आणि कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे उपाय असे. "ताईच्या फोनवर टाक की. म्या तुला शिकवलंय."

"फोनवर टाकलेले पैसे हातावर कुठं पडत्यात? फोनवर पडत्यात."

"मग माझ्याकडून घे. हे पाचशे."

"भावाच्या पैशात आईचा हात कसा येईल? तुला द्यायचे तर तू निराळे दे. न्हाय दिलेस तरी निभावून जाईल."

बाबूनं हळूच नोट खिशात परत ठेवली. बायको शुभांगी मोरीत भांडी घासत होती, तिनं भांड्यांचा आवाज थोडा वाढवला.

संघप्रियानं स्वतःची पर्स उघडली. "हे बघ आई. ही माझी नोट. ही तू घे, मग ती माझ्या हातावर ठेव. उद्या तू काढलेले पैसे तुझ्याकडेच ठेव. झालं."

मथुराबाईंनी ती नोट उलटसुलट करून पाहिली आणि परत तिच्या पर्समध्ये कोंबली. "शाळेत मास्तरीण हाईस, आन् आईला नाटक शिकवतीस."

जीप निघून गेली.

चारच्या एसटीला अजून वेळ होता. बाबू आईला समोरच्या रेवणप्पांच्या किराणा दुकानात घेऊन गेला. रेवणप्पा फोनवर पैसे घेऊन रोख देत, शंभरामागं एक रुपया. पाचशेला पाच रुपये, म्हणजे एटीएमपेक्षा बावीस रुपयांनी स्वस्त, असं बाबूनं वाटेत दोनदा समजावलं.

"पाच कशापायी?" मथुराबाईंनी रेवणप्पांना विचारलं.

"आवो मथुराबाई, मला बी रोकड जमवावी लागती की. त्रास असतो."

त्रास हा शब्द रेवणप्पांनी उच्चारायला नको होता. बहात्तरच्या दुष्काळात मथुराबाईंची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. पगाराच्या दिवशी मुकादम रुपयामागं पाच पैसे कापून घ्यायचा, पगार वाटायच्या त्रासाबद्दल. एका शनिवारी आईनं कापलेला पगार घ्यायला नकार दिला. ती मुकादमाच्या खाटेसमोर दिवस मावळेपर्यंत फतकल मारून बसली आणि पुरे पैसे घेऊनच उठली. त्यातलाच एक रुपया तिनं दुसऱ्या दिवशी, सासरी निघालेल्या मथुराच्या तळहातावर ठेवला होता.

ही गोष्ट मथुराबाईंनी रेवणप्पांना सगळी सांगितली. बाबूला ती पाठ होती. दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना पाठ नव्हती, ती ऐकत राहिली. एकानं तर फोनवर पैसे पाठवायला काढलेला मोबाईल परत खिशात घातला.

"मुकादम गेला, मशीन आलं," मथुराबाई म्हणाल्या. "आपलेच पैसे आपल्याला द्यायचा ह्यांना त्रास होतो. म्या पस्तीस वर्षं लोकांची बाळंतपणं काढली, त्रास म्हणून एक चहा मागितला न्हाय."

रेवणप्पांनी हात जोडले. "बरं, तुमाला फुकट देतो. सोडा आता."

"आज फुकट द्याल, आन् मग वर्षभर म्या साखर महाग म्हणले की सांगाल, त्या दिवशी पाच रुपये सोडले हुते."

रेवणप्पा तराजू पुसू लागले. बहुधा त्यांनी ते सांगितलंच असतं.

घरी परतल्यावर बाबूनं शेवटचा प्रयत्न केला. "आई, पाच झाले ते नक्की का? तू कॅलेंडरवर गोल करतीस ना? बघू दे."

बाबासाहेबांच्या फोटोखाली कॅलेंडर टांगलेलं होतं आणि त्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली होती. एटीएममधून पैसे काढले की मथुराबाई त्या तारखेला गोल करत. आता मथुराबाई कॅलेंडरकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"पस्तीस वर्षं दवाखान्यातल्या चादरी म्या मोजल्या. एक चादर कमी भरली न्हाय. आन् आता तू माझे गोल मोजणार?"

बाबूला चादरींचं माहीत होतं. एकदा बदलून आलेल्या डॉक्टरांनी चादरी पुन्हा मोजून घेतल्या होत्या आणि नंतर आईची माफी मागितली होती. तो मागं सरला.

चारची एसटीही गेली.

मग संघप्रियानं नवऱ्याला फोन लावला. अमरदीप विम्याच्या कचेरीत नोकरीला होता. नको म्हणणाऱ्या माणसाला हो म्हणायला लावणं हा त्याचा रोजचा धंदा. त्यानं फोन सासूबाईंकडे द्यायला सांगितला.

"मामी, जय भीम. ते सत्तावीस रुपये मी भरतो ना."

"जय भीम, जावईबापू. जावयाच्या पैशानं लेकीचा हात भरायचा व्हय? तुमीच सांगा, बरं दिसतं का?"

"मग असं करा. तुम्ही तिच्यासोबत नळदुर्गपर्यंत या. तिथं तुमच्याच बँकेचं मशीन आहे. आणि तुम्हाला एसटी फुकट. पंच्याहत्तर झालीत ना तुम्हाला?"

"शहात्तर झाली. येते की. पण हात उंबऱ्यावर भरायचा असतो. नळदुर्गला हायवेवर, ट्रकच्या धुरात उंबरा कुठला आणू?"

पलीकडे मोटारसायकलची किल्ली वाजली. मग अमरदीप म्हणाला, "मीच येतो. समोरासमोर बोलू." समोरासमोर त्यानं आजवर भल्याभल्यांना पॉलिसी विकल्या होत्या.

तो मोटारसायकलवरून पंचाहत्तर किलोमीटर आला तेव्हा दिवस कलला होता. त्यानं तोंड उघडण्याआधी त्याच्यासमोर पाणी आलं, मग चहा आला, मग शेजारच्या आळीतून गावरान कोंबडा आला. जावई पहिल्यांदाच असा अचानक आला होता, त्याला नुसत्या चहावर परत पाठवणं शक्य नव्हतं. कोंबडा शिजेपर्यंत अंधार पडला, आणि अंधारात उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यानं मोटारसायकल न्यायला मथुराबाईंनी साफ मनाई केली. अमरदीपनं तीन भाकरी खाल्ल्या. सत्तावीस रुपयांचा विषय निघालाच नाही. संघप्रियानं हेडबाईंना फोन करून रजा टाकली, अमरदीपनं साहेबांना.

झोपायच्या आधी मथुराबाईंनी कॅलेंडरचं पान उलटून डिसेंबर वर काढला.

"उद्याचं आजच का?" बाबूनं विचारलं.

"सकाळी गडबड असती," मथुराबाई म्हणाल्या.

सकाळी नऊ वाजता मथुराबाई लेकीला घेऊन एटीएमवर पोचल्या, तर पुढे अठरा माणसं होती. आदल्या दिवशी रेवणप्पांच्या दुकानात ऐकलेली मुकादमाची गोष्ट रात्रीतून बरीच फिरली होती. आपलेच पैसे घ्यायला पैसे द्यायचे नाहीत, एक तारखेला फुकट काढायचे, असं ठरवून लोक आले होते. रांगेच्या शेवटी, मथुराबाईंच्याही मागं, रेवणप्पा स्वतः येऊन उभे राहिले. कालपासून त्यांच्याकडे रोकड घ्यायला कुणी आलं नव्हतं, पण गल्ल्यातही रोकड पडली नव्हती; माल घ्यायला आलेला प्रत्येकजण फोनवरच पैसे देऊन गेला होता. दुपारी तेलाचा टेम्पो येणार होता, आणि टेम्पोवाल्याला रोख पैसे लागत.

"तुमचा बी एक तारखेचा नेम हाय का?" मथुराबाईंनी विचारलं.

"तुमी नादाला लावलं गावाला," रेवणप्पा म्हणाले. "शंभराला एक घेत हुतो, ते बी डोळ्यावर आलं."

मथुराबाईंच्या पुढचा माणूस नोटा मोजत बाहेर आला. त्या आत गेल्या, कार्ड घातलं, आणि यंत्रानं सांगितलं की रोकड उपलब्ध नाही. यंत्राच्या राखणदारानं दार ओढून घेतलं. "आता गाडी येईल तवा. दुपारी तीन वाजतील."

रांग मोडली. मथुराबाई पायरीवर बसल्या.

"आई, घरी चल."

"माझा नंबर हाय. माझी माय मुकादमापुढं बसली हुती, मला तर पायरी हाय बसायला."

संघप्रियाही शेजारी बसली. दहा मिनिटांनी तिनं हातगाडीवरून भाजलेल्या शेंगा घेतल्या. पाच रुपयांचं नाणं दिलं, कुणी काही कापलं नाही. मग दोघी शेंगा फोडत बसल्या. हेडबाईंचा जाच, थोरलीची दहावी, अमरदीपचा वाढलेला रक्तदाब आणि त्यानं तो घरी लपवलेला, हे सगळं संघप्रियानं त्या पायरीवर सांगितलं. चार वर्षांत हे फोनवर कधी बोलून झालं नव्हतं. फोन केला की कुकर तरी व्हायचा, नाहीतर तिची बस तरी यायची. मथुराबाईंनी तिच्या केसांतला एक पांढरा केस ओढून काढला आणि रस्त्यावर टाकला.

अमरदीप दर तासाला येऊन डोकावत होता. बाराच्या खेपेला त्यानं हिशोब मांडला. "मामी, पेट्रोल चारशे. कोंबडा साडेपाचशे. आम्हा दोघांची एकेक रजा. बाबूचं दुकान अर्धा दिवस बंद. सत्तावीस रुपयांपायी हजाराच्या वर गेलं."

"ते समदं गेलं, खरं हाय," मथुराबाई म्हणाल्या. "पण सत्तावीस रुपये गेले न्हाईत."

अमरदीपला आपल्या साहेबांनी असा एखादा माणूस कचेरीत ठेवायला हवा, असं वाटून गेलं. तो शेंगा घेऊन खाली बसला.

तीन वाजता गाडी आली, सव्वातीनला पाचशेची कोरी नोट मथुराबाईंच्या हातात पडली. फुकट. त्यांनी ती रेवणप्पांना लांबूनच दाखवली.

घरी अमरदीपनं मोटारसायकल चालू केली. संघप्रिया पिशवी आणायला आत गेली आणि नाताळच्या सुट्ट्या कधी लागतात ते बघायला कॅलेंडरपाशी थांबली. डिसेंबरचं पान नीट बसलं नव्हतं. ते सरळ करायला तिनं वर उचललं, तर खाली नोव्हेंबर दिसला.

तीन तारखेला एक गोल. नऊला एक. सोळाला एक. बावीसला एक.

तिनं पुन्हा मोजले. ती शाळेत गणित शिकवत होती. दोन्ही वेळा चारच आले.

तिनं मागं वळून पाहिलं. मथुराबाई उंबऱ्याशी नोट हातात धरून उभ्या होत्या. त्या लेकीकडे बघत नव्हत्या. बाहेर, मोटारसायकलच्या धुराकडे बघत होत्या.

"ताई, चल की," बाबू आत आला. "आन् सरक जरा. मला एकदा ते गोल मोजूनच घेऊ दे. काल रात्रीपासून डोक्यात बसलंय. पाच बार काढायला आई गेली कधी?"

संघप्रियाची पाठ कॅलेंडरकडे नव्हती, तोंड होतं. पेन्सिल दोऱ्याला तिथंच लोंबत होती. बाबूला चप्पल काढायला जेवढा वेळ लागला, तेवढा तिला पुरला.

"हे बघ," ती बाजूला झाली. "तीन, नऊ, सोळा, बावीस, सत्तावीस."

बाबूनं बोट ठेवून मोजले. "व्हय की. पाच हाईत." त्याचा चेहरा पडला. "आईचं मोजणं कधी चुकतच न्हाय."

"न्हायच चुकत," संघप्रिया म्हणाली.

ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायच्या आधी थांबली आणि तळहात पुढं केला. मथुराबाईंनी त्यावर नोट ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटली.

"शाळेत पोरांना हेच शिकवतीस का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"न्हाय. हे म्या घरी शिकले." संघप्रियानं मूठ सोडवून घेतली नाही. "आई, नाताळात येते. चार दिवस सुट्टी हाय. तवर तुझे पाच बार संपलेले असतील ना?"

मथुराबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"पाच काय पुरत्यात, माय," त्या म्हणाल्या. "ह्या महिन्याला एकतीस दिवस हाईत."