प्रॅक्टिकलचा बोकड

आमच्या साळवे मॅडम कुणाच्याही समोरून येत नाहीत. तिरक्या येतात. तुम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत बसलेले असता आणि डाव्या अंगानं कुणीतरी भिंत धरून, नजर खाली घालून, अर्धी पाठ तुमच्याकडे करून सरकत सरकत जवळ येतं. घाबरायचं कारण नाही. त्या प्राणिशास्त्राच्या सुमन साळवे असतात आणि त्यांना तुमच्याकडचा खडू हवा असतो.

"समोरून चालून येणं म्हणजे हल्ला," असं त्यांचं म्हणणं. "कोणत्याही जनावराला विचारा." खडू घेतल्यावर त्या तशाच तिरक्या परत जातात. मी कॉमर्स शिकवते आणि माझं डोकं लवकर तापतं, हे जालन्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महिन्यात मी त्यांच्यावर तीनदा तरी ओरडले असेन. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. नंतर शिपायाला म्हणाल्या, "बोरा मॅडम घाबरलेल्या आहेत. थोडं लांबून जात जा."

आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला 'प्राणी वर्तन आणि कल्याण' नावाचा विषय आहे. पोरं तो घेतात, कारण त्याचे तास सकाळी संपतात आणि एमआयडीसीतली दुपारची पाळी गाठता येते. आठवडाभरात ह्या पोरांची रवानगी बसस्टँडवर होते. तिथे उकिडवं बसून कुत्री बघायची. कुत्रं कान कधी मागे नेतं, जांभई कधी देतं, सगळं टिपायचं. एका पोरानं लिहिलं, 'कुत्रा रागात आहे.' मॅडमनी कागद त्याच्या तोंडासमोर हलवला. "राग तुला दिसला का? काय दिसलं ते लिही ना बाबा!"

मॅडमचा स्वतःचा राग मात्र अख्ख्या गावाला दिसतो. मोटरसायकलला कोंबड्या उलट्या टांगून नेणारा माणूस त्यांना दिसला की संपलं. भर रस्त्यात गाडी अडवतात आणि, तेही तिरकं उभं राहून, त्याच्या पेट्रोलच्या टाकीकडे बघत बोलतात, "तुझे पाय वर बांधून तुला भोकरदनपर्यंत नेऊ का? नेऊ का सांग!" तो माणूस आधी टाकीला काय झालं ते बघतो, मग बाईंना. प्राचार्य त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले की त्या मान वर न करता सांगतात, "सर, उंची कमी करा." प्राचार्यांना हे अजून सहन झालेलं नाही.

त्यांचं लग्न झालं नाही, तेही ह्याच शास्त्रापायी. अंबडला त्यांच्या घरी पाहुणे बघायला आले होते. मुलगा चांगला शिक्षक होता. मॅडम पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या त्या भिंतीकडून, आणि त्याच्याकडे पाठ करून बुद्धाच्या तसबिरीकडे तोंड करून बसल्या. आई खुणा करकरून दमली. मुलानं नाव विचारलं तरी ह्या गप्प. "नवीन जीव आहे, त्याला आपला अंदाज घेऊ द्यावा," असा त्यांचा विचार. मुलानं अंदाज घेतला आणि निघून गेला. पुढे असे आणखी दोन-तीन जीव अंदाज घेऊन गेले. मग आई गेली, आणि त्या घरात आता त्या एकट्याच राहतात. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

आता बोकडाकडे येते, कारण तो आठवला की माझं अजून डोकं उठतं.

प्रॅक्टिकलसाठी मॅडमनी शेळी मागितली होती. आमच्या हेडक्लार्कनी बाजारातून बोकड आणला. "शेळी न्हाई भेटली मॅडम. पण माल बराबर आहे." जनावराला माल म्हणणाऱ्या माणसाचा संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

मॅडमनी त्या बोकडाला वर्षभर शिकवलं. शिट्टी वाजवली की यायचं. तळहात पुढे केला की त्यावर हनुवटी ठेवायची. खूर कापायचा असला तर पाय उचलून द्यायचा. दोरी नाही, काठी नाही, बदल्यात चार शेंगदाणे. "ओढायचं बिलकुल न्हाई. त्यानं आपण होऊन आलं पाहिजे. न्हाई आला तर आपलं चुकलं," हे त्या वर्गात इतक्यांदा सांगत की शेजारच्या माझ्या वर्गातल्या पोरांनाही पाठ झालं होतं. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना त्यांनी बोकडाची मर्जी होईपर्यंत उकिडवं बसवून ठेवलं होतं. शेवटी बोकड आला, त्यानं परीक्षकांच्या हातावर हनुवटी टेकवली, आणि तो पिकल्या केसांचा माणूस चक्क लाजला.

मग कॉलेजची तपासणी करणारी समिती येणार असं ठरलं. प्राचार्यांना अचानक प्राण्यांचा पुळका आला. गेटवर भलामोठा बॅनर लागला: 'प्राणी कल्याण, आमचा ध्यास.' फोटोत प्राचार्यांचा हात आणि त्यावर बोकडाची हनुवटी.

मला भोजन समितीत घातलं. मी जैन, तेव्हा ही बाई चव बघायच्या नावाखाली काही उचलणार नाही, असा त्यामागचा विचार. रात्रीच्या जेवणाच्या यादीत 'मटण (घरचं)' असं होतं. मी हेडक्लार्कना विचारलं, "घरचं म्हणजे कुणाच्या घरचं?" ते प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला मान हलवून म्हणाले, "आहे ना आपलं. विकत कशाला खर्चा करायचा?"

म्हणजे सकाळी समितीनं बोकडाचं कल्याण बघायचं आणि रात्री तो खायचा! मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी सांगितलं तशा मॅडम उठून प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग होतेच. त्या दिवशी त्या समोरून गेल्या, थेट, त्यांच्या डोळ्यांत बघत. मीच दचकले.

"मॅडम, तुम्ही मटण खाता ना?" प्राचार्य खुर्चीत मागे सरकत म्हणाले.

"खाते. दर रविवारी खाते."

"मंग काय अडचण आहे?"

"त्याला मी शिकवलंय ना सर! माणसाजवळ ये, माणूस काही करत न्हाई, हे रोज शिकवलं. आता खाटीक हात पुढं करंल आन हा आपण होऊन त्याच्या हातावर मान नेऊन ठेवंल. जनावर मरतं ते मला ठाऊक आहे. पण माझ्या शिकवण्यानं मरावं का त्यानं?"

प्राचार्यांनी क्षणभर विचार केला. "अहो, मग तर काम सोपंच होऊन राह्यलं की."

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. मी तो उचलला नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी सगळे झाडलोटीत गुंतलेले असताना मला प्रयोगशाळेच्या मागे थाळी बडवल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर मॅडम. पदर खोचलेला, हातात स्टीलची थाळी आणि दगड. बोकडाच्या अगदी समोरून, हात वर करून, डोळे वटारून त्याच्यावर धावून जात होत्या. "जा! निघ! माणसाजवळ यायचं न्हाई! आलास तर बघ!"

बोकड चार पावलं पळायचा, थांबायचा, आणि परत यायचा. त्यांनी चप्पल फेकली, लागणार नाही अशी. तो तिकडे गेला, चप्पल हुंगली, आणि येऊन त्यांच्या थाळी धरलेल्या हाताखाली मान घालू लागला. पुन्हा थाळी, पुन्हा आरडाओरडा. पुन्हा तो आला. एका दुपारात वर्षाची शिकवणी पुसायला निघाल्या होत्या आणि त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी काही केल्या विसरायला तयार नव्हता.

शेवटी त्या मातीतच बसल्या. आवाज पार बसला होता.

"विसरंना की हो, बोरा मॅडम," त्या म्हणाल्या. बोकडानं त्यांच्या तळहातावर हनुवटी टेकवली होती. "माझ्याजवळ आपण होऊन कोण आलं हो आजवर? आई गेल्यावर कोणीच न्हाई. हा येतो. आन त्यालाच मी हाकलून राह्यले."

मला रडू आलं नाही. संताप आला. त्या प्राचार्यांचा, त्या हेडक्लार्कचा, पोहे खाऊन निघून गेलेल्या सगळ्या पाहुण्यांचा, आणि तो किस्सा ऐकून खदखदा हसणाऱ्या माझाही.

"उठा," मी म्हणाले. "न्यायचा ह्याला."

"कॉलेजची मालमत्ता आहे ती."

"मालमत्ता गेली खड्ड्यात. तुमचे शेंगदाणे खाऊन वाढलाय तो. चला, मी टेम्पो बघते."

समितीनं दुसऱ्या दिवशी पनीर खाल्लं. आम्हा दोघींना मेमो मिळाले. प्राचार्य आणि मी एकमेकांशी अजून फक्त मेमोतूनच बोलतो, आणि ते बरंच आहे.

पण त्या दुपारी आम्ही भर आवारातून निघालो. दोरी आणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढे मी टेम्पोवाल्याला फोन करत, मागे मॅडम, आणि त्यांच्या पायात पाय घालत बोकड. वॉचमननं गेट अर्धवट उघडलं आणि मध्येच हात आडवा धरला.

"मॅडम, ह्यो तर उद्याचा आहे ना? कुठं घेऊन चालल्या?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनीच उत्तर दिलं. ओरडल्या नाहीत.

"घरी," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी."