नसलेला बैल

"यंदा मी गाइड उघडणार नाही! उघडलं तर मला बंदरातल्या तरंगत्या बोयाला बांधा!" मिर्सिनीने मधल्या सुट्टीत जाहीर केलं. तोंडात तिरोपिता, म्हणजे चीजचं पॅटिस, होतं, त्यामुळे प्रतिज्ञेबरोबर थोडे तुकडेही उडाले.

"बांधू की," शेजारचा स्तेर्गिओस म्हणाला. "दोरी माझ्याकडे आहे."

ग्रीसमधल्या वोलोसच्या त्या शाळेत अकरावीला अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक नाटक होतं, तेही मूळ भाषेत. भाषा म्हणायला आपलीच, ग्रीक. अक्षरं तर बेकरीच्या पाटीवरचीच! पण शब्द म्हणजे लग्नात भेटणारे लांबचे नातेवाईक. चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही, आणि ते मात्र गालगुच्चा घेऊन विचारतात, "ओळखलंस का?"

यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय एकच. संध्याकाळच्या क्लासला जायचं, तिथलं निळं गाइड घ्यायचं आणि त्यातलं भाषांतर स्वल्पविरामासकट घोकायचं. चोवीस जणांच्या वर्गात तेवीस जण हेच करत.

मिर्सिनीला हे पटेना. रसायनशास्त्रात कुणी उत्तर आधी पाठ करून मग प्रयोग करतं का? पण आईची अट साधी होती. "वीसपैकी दहाच्या खाली आलीस तर उन्हाळाभर क्लास. वल्ही माळ्यावर!" आणि जुलैत रोइंगची स्पर्धा होती. तिच्या चौघींच्या होडीत तिसरी जागा मिर्सिनीची होती. ती तिने दोन हिवाळे तळहात सोलून मिळवली होती.

"त्यात काय!" ती म्हणाली. "पद्धत हवी, पद्धत!"

पद्धत अशी. प्रत्येक शब्दाला कागदावर एक चौकोन. कर्ता लाल, कर्म हिरवं, क्रियापद निळं. पहिल्या संध्याकाळी नाटकातल्या राणीच्या भाषणातलं एक वाक्य उलगडलं. त्याचं क्रियापद सहाव्या ओळीत दडून बसलं होतं! दुसऱ्या संध्याकाळी दोन वाक्यं झाली. परीक्षेपर्यंत तिच्या खोलीच्या भिंतीवर राणीचं अर्धंअधिक भाषण रेल्वेच्या नकाशासारखं पसरलं होतं.

परीक्षेला नेमकं तेच भाषण आलं. ग्रीक शिकवणाऱ्या कल्लिओपीबाईंनी छापलेल्या कागदावर सतरा ओळी होत्या. मिर्सिनीने बाह्या सरसावल्या. अकराव्या मिनिटाला स्तेर्गिओसने पेन खाली ठेवलं आणि जांभई दिली! बाकीचेही भराभर पुरवण्या मागत होते. मिर्सिनी अजून चौथ्या ओळीतल्या एका नातेवाइकाचं नाव आठवत होती. घंटा झाली तेव्हा तिचं पान जेमतेम भरलं होतं.

"एवढंसंच?" स्तेर्गिओसने डोकावून पाहिलं. "माझं दीड पान झालं."

"कागदावर होतं तेवढं लिहिलं!" ती फणकारली.

गुरुवारी बाई गठ्ठा घेऊन आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"स्तेर्गिओस, ऊठ. हे वाच."

तो खणखणीत आवाजात वाचू लागला, "'अरे शिडा, माझ्या डाव्या खांद्यावर बैल निजला आहे आणि त्याची सावली मधासारखी गोड आहे.'"

"छान. आता प्रश्नपत्रिकेत हा बैल दाखव."

स्तेर्गिओसने कागद पाहिला. उलटा केला. उजेडात धरला.

"बाई, तो... भावार्थ आहे."

"तेवीस जणांना एकच भावार्थ? त्याच सावलीसकट? अरे, त्या तीन ओळी मी छापल्याच नव्हत्या!"

तेवीस माना एकदम प्रश्नपत्रिकांवर वाकल्या आणि बाई वळल्या.

"मिर्सिनी! तुझ्या पेपरात बैल का नाही?"

मिर्सिनी उठली. मान ताठ. "नव्हताच म्हणून, बाई!"

तेवीस जणांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच तो बैल चोरला होता. पण स्तेर्गिओस हार मानणारा नव्हता.

"बाई, पुस्तकात तर बैल आहे! तुम्ही का गाळलात?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कारण बावीस वर्षं शिकवतेय आणि त्या तीन ओळी मला अजून कळलेल्या नाहीत. जे मला तपासता येत नाही, ते मी विचारत नाही. तुम्हा तेवीस जणांची परीक्षा पुढच्या गुरुवारी, पुन्हा!"

मिर्सिनीने मनातल्या मनात अठरा मार्क घेतले, होडीत जाऊन बसली, वल्हंही मारलं. मग पेपर हातात आला. आठ!

"बाई! पण माझ्यात बैल नाही!"

"बैल नाही गं, पण राणी सासऱ्याला शाप देते तिथे तू त्याला जेवायला बोलावलंयस." बाईंनी पेपर परत घेतला, दोन मिनिटं त्याकडे पाहिलं आणि खाली लिहिलं : बैल नसल्याबद्दल, दोन. "झाले दहा. जा, वल्हव."

उन्हाळा वाचला! दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. पण बावीस वर्षं बाईंना न कळलेल्या तीन ओळी! मिर्सिनीने नवा कागद भिंतीला चिकटवला. लाल, हिरवं, निळं. चार संध्याकाळी. व्याकरणाची तीन पुस्तकं. सोमवारी ती धावतच वर्गात शिरली आणि कागद बाईंच्या टेबलावर आपटला.

"सुटलं, बाई! एकेक शब्द तपासलाय! ऐका!" आणि तिने वाचलं, "'अरे शिडा, माझ्या डाव्या खांद्यावर बैल निजला आहे आणि त्याची सावली...'"

ती थांबली.

"मधासारखी गोड आहे," मागून तेवीस जणांनी वाक्य पुरं केलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. स्तेर्गिओसने निळं गाइड उघडून तिच्यापुढे धरलं. "एकशे चौतिसावं पान. चार संध्याकाळी कशाला घालवल्यास?"

मिर्सिनी कानापर्यंत लाल झाली. मग तिने आपला कागद नीट घडी घालून खिशात ठेवला.

"तुमचा बैल आयता आहे," ती म्हणाली. "माझा मी स्वतः पकडलाय!"

"असू दे," स्तेर्गिओस म्हणाला. "पण तो खांद्यावर का निजलाय?"

ते मात्र तिलाही कळलं नव्हतं.