ढोल्यांवरचे कागद

मॅट्रिकला डोमनलाल दोनदा बसला आणि दोन्ही वेळा इंग्रजीने त्याला आपटलं. तेव्हा बापाने, उदेलालने, स्वच्छ सांगून टाकलं, "आता नापास झालास तं पुस्तक ठेवून दे अन् नांगर धर." मास्तर म्हणाले, अवघड शब्द चिठ्ठ्यांवर लिहून नजर जाईल तिथे चिकटव. पोराने ओसरीतल्या धानाच्या चार ढोल्यांना, म्हणजे बांबूच्या उंच कणग्यांना, भाताच्या शितांनी चार शब्द चिकटवले आणि निवांत झोपला. इथेच सगळा घोळ झाला.

साल होतं चव्वेचाळीस. लढाई चालू होती आणि त्या गावात इंग्रजी कागद एकाच कारणाने चिकटे: लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीत, सरकारने धान धरलं, की ढोलीवर कागद. मग तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

उदेलाल अर्जुनीच्या बाजारातून आला, ढोल्या पाहिल्या आणि मटकन खालीच बसला. त्याने मंगरू कोतवालाला बोलावलं. मंगरूला अक्षर येत नव्हतं, पण कागदावर शिक्का नाही हे त्याने बरोबर हेरलं. शिक्का लहान साहेबाला लागतो, मोठ्याला कायले लागते, असं तो म्हणाला.

"डोमन, वाच बरं. काय लिवलं हाय?"

"पर्स्पिकॅसिटी."

"म्हंजे?"

अर्थ डोमनलालच्या डोक्यातून साफ उडाला होता. चिठ्ठी आपली म्हणावं तर अर्थ सांगावा लागणार, आणि अर्थ येत नाही म्हणजे नांगर ठरलेलाच. "सरकारी शब्द हाय," तो पुटपुटला.

चार दिवस डोमनच्या मायने, धुरपताबाईने, शेजारून तांदूळ आणून चूल पेटवली. मायचे ते हाल बघून डोमनलालला घास गिळवेना. पाचव्या दिवशी उदेलाल, निदान बियाणं तरी सोडा म्हणायला, स्वतःच लेव्हीच्या इन्स्पेक्टरकडे गेला आणि त्याला घेऊनच आला. तोवर या घराकडे सरकारचं लक्षसुद्धा नव्हतं! खोटा सरकारी कागद म्हणजे जेलच, या विचाराने डोमनलाल खांबाला धरून उभा राहिला.

इन्स्पेक्टर श्यामलाल गोंदियाचा, कडक माणूस. त्याने पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. चष्मा पुसून पुन्हा पहिला वाचला. कपाळावर घाम आला.

"ये किसने लगाया?" त्याने हळूच विचारलं.

"वरून आलं, साहेब," मंगरू म्हणाला.

इन्स्पेक्टर दोन पावलं मागे सरकला. तो चेहरा डोमनलालने ओळखला. परीक्षेत दोनदा त्याचा स्वतःचा तसाच झाला होता.

"ऊपर का मामला है. हम कुछ नहीं जानते," म्हणत साहेब चहासुद्धा न घेता बैलांच्या दमणीत बसला.

आता मात्र डोमनलालला राहवेना. त्याने बापाचे पाय धरले, सगळं कबूल केलं आणि पाठ वाकवून काठीची वाट पाहत राहिला. काठी पडली नाही. उदेलालने उठून ढोलीवरचा सुटत आलेला कागद अंगठ्याने नीट दाबून बसवला.

"नांगराचं राहू दे," तो म्हणाला. "कागद पाहून साहेब पळते. शेजारच्या चैतरामच्या ढोल्यांले लिहून दे. गोवर्धनच्याही. साऱ्या गावाच्याच लिव. अन् प्रत्येकीवर नवा शब्द पायजे, नाहीतं साहेब वळखीन."

परीक्षेत असे शब्द पाच येत. गावात ढोल्या एकशे बारा होत्या.