नारायणगुड्याचं आयर्लंड

घरातून कसं निघावं हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं खुशाल माझ्याकडे यावं, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते! आयर्लंडला एक वर्षाच्या एम.एस.ला प्रवेश मिळाला आणि मी तयारीचा असा धडाका लावला की लग्नातला केटररही लाजला असता. पण सगळ्यात अभिमानाची तयारी बॅगेतली नव्हती. ती होती माझ्या निळ्या ओढणीची.

माझी मृण्मयी, म्हणजे मृणू, साडेतीन वर्षांची. ती राहणार होती हैदराबादेत, विद्यानगरच्या घरी, बाबा आणि आजीजवळ. आईशिवाय झोपायची सवय व्हावी म्हणून मी ती ओढणी रोज अंगावर घेत होते. धूत नव्हते. लोणचं मुरवतात तशी ती मी मुरवत होते! दुपारी मृणू ओढणीचं टोक नाकाशी धरायची आणि मी तिथून अलगद उठले तरी झोपून राहायची. आहे की नाही डोकं?

मग सासूबाईंनी कॅलेंडर उलटलं.

"शर्वरी, तुझं विमान अमावस्येला आहे!"

"अहो आई, विमानाला अमावस्या नसते."

"विमानाला नसंल. तुला हाय ना! बदल तिकीट."

तिकीट बदलणं शक्य नव्हतं. नवऱ्यानं, किशोरनं, हैदराबादी तोडगा काढला, "लाइट घे ना अम्मा, टेन्शन कशाला! प्रस्थान ठेवू."

मी पुण्याची, प्रस्थान फक्त ऐकून माहीत. म्हणजे असं, की चांगला मुहूर्त बघून आपल्या सामानाचं एक गाठोडं, जायचं त्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. झाला प्रवास सुरू! मग आपण सावकाश अमावस्येला निघालो तरी अमावस्येला पत्ता लागत नाही. अट एकच. ठेवलेलं गाठोडं घरी परत आणायचं नाही. निघणाऱ्यानं जाताना उचलायचं आणि थेट पुढे जायचं. आयर्लंड पश्चिमेला, नणंद वैशालीचं नारायणगुड्याचं घरही पश्चिमेलाच. मी आनंदानं हो म्हटलं आणि मोजे आणायला गेले.

परत आले तर मुहूर्त साधून झाला होता, किशोर स्कूटरवरून गाठोडं पोचवून आला होता, आणि मृणू भोकाड पसरून बसली होती.

"अहो आई, इथली निळी ओढणी कुठंय?"

"ती तर प्रस्थानात गेली! तांदूळ-सुपारी निघणाऱ्याच्या अंगावरच्या कापडात बांधतात. तू रोज तीच घालत होतीस ना, बेटा?"

मीच मुरवलेलं लोणचं माझ्याच डोळ्यांत गेलं!

मी मृणूला हिरवी ओढणी दिली. तिनं हुंगली आणि खाली ठेवली. "ही आई नाही."

मग मला राहवेना. "राहिलेले मोजे आणते," अशी थाप मारून मी हिरवी ओढणी पर्समध्ये कोंबली आणि रिक्षानं नारायणगुडा गाठलं. बेत सोपा होता. गाठोडं सोडायचं, हिरवीत तांदूळ बांधायचे, निळी घेऊन पसार!

गाठोडं वैशालीच्या देवघरात होतं. मी ते उचलून गाठ सोडते आहे, मांडीवर तांदूळ सांडलेत, तेवढ्यात वैशालीनं प्रेमानं व्हिडिओ कॉल लावला. "अम्मा, बघ कोण आलंय! वहिनी!"

पडद्यावर सासूबाई. त्यांनी मला पाहिलं, मग गाठोडं पाहिलं.

"शर्वरी! उचललंस?"

"नाही, म्हणजे फक्त ओढणी..."

"मग तू निघालीस! आता घरात पाऊल नक्को!"

"अहो आई, मी घरातल्या स्लिपरवर आलेय!"

"बूट पाठवते."

विमान दोन दिवसांवर. माझी बॅग, पासपोर्ट, मुलगी विद्यानगरला आणि मी परदेशी, नारायणगुड्यात! माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण वर्षभर ज्या बाईच्या मांडीवर माझी मुलगी झोपणार, तिच्याशी निघताना वाद घालायचा नव्हता. शिवाय विमान समुद्रावरून जाणार होतं. उगाच कशाला!

संध्याकाळी मृणूचा फोन आला. "आई, तू आयर्लंडला पोचलीस?"

मागून किशोर खिदळला, "हौ! पोचली!"

तेव्हाच 'नाही गं सोन्या' म्हणायला हवं होतं. मी हसले.

"आयर्लंडला पंखा आहे?"

"आहे ना."

"मी येऊ?"

दहा मिनिटांत ती बाबाच्या स्कूटरवरून हजर! घरभर फिरली. "आयर्लंडला वैशूआत्या पण राहते!" सगळे पोट धरून हसले. मी निघालेच होते, त्यामुळे ओढणी प्रस्थानातून सुटली. ती गळ्यात घालून मृणू न रडता घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा न रडता गेली. "किती समजूतदार पोर!" म्हणून सासूबाईंनी दृष्ट काढली. आयर्लंड लांब आहे, हे सांगायला माझं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. तिचं रडू मला सोसलं नसतं.

विमानतळावर मी रुमालानं डोळे पुसत होते, आणि ती उस्मानिया बिस्कीट खात म्हणाली, "संध्याकाळी येते गं!"

आता वसतिगृहात कपडे धुवायचं मशीन थांबेपर्यंत हे लिहितेय. इथल्या मैत्रिणी विचारतात, मुलगी रडते का? नाही हो, रडत नाही! संध्याकाळ झाली की बूट घालते. किशोर स्कूटर काढतो. वैशाली दार उघडते. मृणू खोल्या बघते, पडद्यामागेही बघते. "अजून कॉलेजातून आली नाही वाटतं," म्हणते, आणि घरी जाते.

काल मात्र जाताना तिनं गळ्यातली ओढणी काढून वैशालीच्या देवघरात ठेवली. "आईला थंडी वाजते ना. आली की दे."

वैशालीनं घाईघाईनं सासूबाईंना फोन केला. आता ती झोपणार कशी? ओढणी परत पाठवू का?

"नक्को!" सासूबाई म्हणाल्या. "अंगावरचं कापड हाय, पश्चिमेला ठेवलंय. पोर निघाली आता. किशोर, तिकीट बघ!"

पासपोर्ट, व्हिसा, सुट्टी, कुणाला काही आठवलं नाही. वैशालीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मीही आठवण करून दिली नाही. काल अमावस्या नव्हती ना, एवढं मात्र कॅलेंडरात बघून घेतलं.