खोडलेली ओळ

हिंगोलीतील एका संगणकाच्या दुकानात, भर दुपारी, चार गिऱ्हाइकांच्या देखत, पंचफुला खिल्लारे सिस्टर यांनी पिशवीतून लेकरं तोलायचा काटा काढला, तो छताच्या हुकाला अडकवला आणि त्याच्या झोळीत एक काळा लोखंडी डबा ठेवला. डबा म्हणजे एसएमपीएस, अर्थात संगणकास वीज पुरविणारा भाग. काट्याचे लाल टोक नऊशे ग्रॅमवर थांबले.

"हे कुपोषित आहे," सिस्टर म्हणाल्या. "लाल रेघेच्या खाली. काय खाऊ घालून राहिले याला?"

दुकानाचे मालक वसीमभाई पाहतच राहिले. "सिस्टर, ये बच्चा नै, एसएमपीएस है. पाचशे वॅट लिखेला है डब्बे पे."

"लिहायला काय जातंय? आत माल कमी, म्हणून वजन कमी. अंगणवाडीच्या तक्त्यावर आमची सगळीच पोरं धडधाकट असायची. दुसरं आणा."

दुसरा डबा पावणेदोन किलो भरला. सिस्टरांनी त्यास थोपटले आणि मजकडे वळून म्हणाल्या, "लिहा भाऊ."

मी लिहिले. 

माझा परिचय येथे आवश्यक आहे. सेनगावच्या तहसील कार्यालयासमोरील लिंबाखाली गेली बावीस वर्षे मी अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी माझ्या हातच्या अर्जावर एकाही साहेबाने आजतागायत त्रुटी काढलेली नाही. खिल्लारे सिस्टर माझ्या शेजारी राहतात. सदतीस वर्षे आरोग्य खात्यात नर्स होत्या. तालुक्यातील निम्म्या लोकांच्या दंडावर त्यांच्या सुईची खूण आहे. यजमान वारले. एकुलती एक कन्या प्रज्ञा पुण्यास नोकरी करते. धुतलेल्या हातात पेन धरायचा नसतो, असा सिस्टरांचा दंडक असल्याने या खरेदीचे रजिस्टर लिहिण्याचे काम मजकडे आले. पहिल्याच पानावर मी एका भागापुढे "ठीक" असे लिहिले, तेव्हा त्यांनी ते पान फाडले.

"ठीक हा आकडा न्हाई, भाऊ. किती ते लिहा."

आता मूळ धक्क्याकडे येतो. एके सकाळी सिस्टर लिंबाखाली आल्या व म्हणाल्या, "मला खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचाय. चाळीस हजारांत. आन् एक अर्ज लिहायचाय."

मी चष्मा काढून पुसला. साठी ओलांडलेली, पांढऱ्या लुगड्यातली बाई, आणि बंदुका उडविण्याचा खेळ!

"सिस्टर, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे. ऐका आधी." त्या बाकड्यावर बसल्या. "प्रज्ञाचा फोन रोज येतो. जेवली का? हो. बरं, ठेव. संपलं. परवा पोरगी फोन बंद करायची विसरली. तिघं-चौघं मिळून खेळ खेळत होते. ती हसून राहिली होती, भाऊ. तिचे बाबा गेल्यापासून मी तिचं तसं हसणं ऐकलं न्हाई. चाळीस मिनिटं फोन कानाला लावून बसले. भाजी करपली."

त्या संभाषणातच सिस्टरांना कळले होते की टोळीतील चौथा गडी परदेशी गेला आहे. जागा रिकामी होती, आणि ज्याची मशीन खेळताना अडकत नाही अशा कोणासही ती मिळणार होती. सिस्टरांना ती जागा हवी होती. मात्र नाव न सांगता. आई आली म्हटल्यावर पोरगी पुन्हा गप्प होईल, ही त्यांची धास्ती.

मी तत्काळ मसुदा केला. "प्रति, मा. टोळीप्रमुख. विषय : रिक्त जागेवर नेमणूक मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर की, अर्जदारास जखमींची शुश्रूषा करण्याचा प्रदीर्घ अनुभव असून..." अर्जदाराचे नाव सिस्टरांनी "सलाईन" असे सांगितले. खाली मी शिरस्त्याप्रमाणे "राहणार सेनगाव, जि. हिंगोली" असे लिहिले.

"राहणार खोडा," सिस्टर म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवला. "सिस्टर, राहणार नसलेला अर्ज म्हणजे बेवारस अर्ज! तलाठीसुद्धा हातात धरणार नाही."

"खोडा म्हणते ना."

बावीस वर्षांत प्रथमच मी ती ओळ खोडली. अर्ज सिस्टरांनी, त्या संभाषणात ऐकलेल्या टोळीच्या खेळाच्या गटावर, सलाईन या नावानेच फोनवरून धाडला. सायंकाळी उत्तर आले, "अर्ज मंजूर. हसून हसून मेलो. पुढच्या पुढच्या रविवारी दुपारी चारला हजर राहा. मशीन अडकली तर जागा दुसऱ्याला."

त्यानंतर सुरू झाली ती खरेदी. वसीमभाईंनी प्रथम रंगीबेरंगी दिव्यांचे, पुढून काचेने बंद असलेले कॅबिनेट, म्हणजे संगणकाची पेटी, दाखविले. "वरात काढायची आहे का?" सिस्टर म्हणाल्या, आणि पुढून जाळी असलेले साधे उचलले. "नाकपुड्या मोकळ्या पाहिजेत." रॅमची, अर्थात मशीनच्या स्मरणशक्तीची, एक मोठी पट्टी घेण्याऐवजी दोन लहान घेतल्या, कारण "दोन पाय असल्यावर लंगडी काहून घालायची?" प्रत्येक भागाची बॅच आणि तारीख त्यांनी भिंगातून वाचली. वसीमभाई म्हणाले, "सिस्टर, इसको एक्सपायरी नै रहती." त्यावर सिस्टर उत्तरल्या, "एक्सपायरी सगळ्यांनाच असते, बाळा. लिहिलेली नसते, एवढंच."

बजेटात बसायचे तर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळाचे चित्र रंगविणारा भाग, वापरलेला घेणे भाग होते. सिस्टरांनी त्याचा केसपेपर मागितला. आधी कोणाकडे होते, दिवसाचे किती तास राबविले, कधी उघडले काय, असे सर्व विचारून कार्ड नाकाशी नेऊन हुंगले. जळका वास नव्हता. मग फर्मावले, "चालू करा. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तसं बसायचं. मगच डिस्चार्ज." अर्धा तास दुकानातील एकही इसम हलला नाही. मोबाईलची काच घेण्यास आलेला एक सद्गृहस्थ काच मिळून गेल्यावरही भीतीपोटी बसून होता.

कार्डाचा पारा शहात्तर अंशांवर गेला. वसीमभाई म्हणाले, एवढे चालते. सिस्टरांचा चेहरा मात्र उतरला. "याला अंगात ताप आहे," त्या पुटपुटल्या.

पुढील आठ दिवस त्या रोज जीपने हिंगोलीस जाऊन वसीमभाईंच्या दुकानात खेळ शिकल्या. संगणक जोडलाही तेथेच. "बाळंतपण दवाखान्यातच करायचं," हे त्यांचे जुने वाक्य. शनिवारी घरी नेताना वसीमभाईंनी कार्ड तेवढे काढून वेगळे दिले, रस्त्याच्या धक्क्यांनी ते निखळू नये म्हणून. येथे घात झाला. सिस्टरांनी ते तापकरी कार्ड, लसीच्या, आता मोडीत निघालेल्या निळ्या पेटीत, चहूबाजूंनी बर्फाच्या पिशव्या लावून ठेवले. सबंध प्रवासात पेटी मांडीवर. मीही शेजारीच होतो आणि मलाही ते योग्यच वाटले, हे कबूल करतो.

घरी पेटी उघडली, तर बाहेरच्या उकाड्यात कार्डास दरदरून घाम सुटला. थेंब टपटपू लागले. मी घाबरून वसीमभाईंना फोन लावला.

"लगाना मत!" ते ओरडले. "सिस्टर, बरफ में कौन रखता है? चावल के डब्बे में डालो. कल दोपहर तक हात नै लगाना. सुकेल तर सुकेल."

सदतीस वर्षांत ज्यांनी एक लस वाया जाऊ दिली नाही, त्या सिस्टर तांदळाच्या डब्याशेजारी पाटावर बसल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "रजिस्टरात लिहा." मी लिहिले नाही. माझ्या पेनातील शाई संपली आहे, असे सांगितले.

रविवारी तीन वाजता त्यांनी हात धुतले, कार्ड फुंकले, हुंगले, जागेवर दाबले. कॅबिनेटच्या जाळीस लसीच्या फ्रिजमधला थर्मामीटर अडकविला. बटण दाबले. मी डोळे मिटून घेतले. पंखे फिरल्याचा आवाज आला, तेव्हा उघडले.

चार वाजता खेळ सुरू झाला. सिस्टरांनी माईक लावला नव्हता. एका बोटाने टाइप करीत. सबंध खेळात त्यांनी एकही गोळी झाडली नाही. कोणी पडला की धावत जाऊन पट्टी बांधायची, एवढेच. मशीन एकदाही अडकली नाही. स्पीकरमधून प्रज्ञाचा आवाज आला, "अरे, हा सलाईन कोणंय? मरूच देईना मला!" आणि ती हसली. सिस्टर पडद्याकडे पाहत होत्या, पण पडद्यावरचे काही त्यांना दिसत असावे असे वाटले नाही.

पहिला डाव संपला. एका मित्राने विचारले, "प्रज्ञा, जेवायला काय मागवलंस?"

"कुठलं रे. सकाळपासून चहावर आहे. आईला सांगितलं, जेवले म्हणून. रोजच सांगते."

माऊसवरचा हात थांबला. सिस्टरांनी एका बोटाने टाइप केले, "आधी जेवून ये. आम्ही थांबतो."

 मग प्रज्ञाने हळूच विचारले, "सलाईन, तुम्ही कुठले?"

सिस्टर मजकडे वळल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "काय लिहू?"

बावीस वर्षे मी दुसऱ्यांसाठी शब्द जुळवीत आलो आहे. त्या क्षणी मजपाशी एकही मसुदा नव्हता.

"सिस्टर," मी म्हणालो, "खोडलेली ओळ लिहा."

त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिले, "राहणार सेनगाव, जि. हिंगोली."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि प्रज्ञाचा आवाज, जरासा जाड झालेला, "थांबा रे सगळे. मी जेवून येते. तोवर सलाईनला कोणी हात लावायचा नाही."

सिस्टर वाकून थर्मामीटर वाचू लागल्या. खूप वेळ वाकलेल्याच राहिल्या. मी रजिस्टर उघडले, पेन सरसावला व विचारले, "किती?"

"बराबर आहे," त्या म्हणाल्या.

मी "बराबर" असेच लिहिले.